दोन किल्ल्या आणि एक मथळा

हसबनीस नावाचे गृहस्थ आमच्या ऑफिसच्या दारात उभे राहिले, तेव्हा किल्ली हवेत होती.

आमच्या ऑपरेटर छायानं ती खिडकीजवळच्या मशिनवरून फेकली होती आणि मी झेलणार होते. झेललीही. पण झेलताझेलता दारातला माणूस दिसला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात चामडी बॅग आणि नजर थेट माझ्या मुठीवर.

"मी मुकुंद हसबनीस. पुण्याहून आलोय," ते म्हणाले. "वर्णिकाच्या परवान्यांची तपासणी करायची आहे. आम्ही पत्र पाठवलं होतं."

पत्र आलं होतं. आमचे मालक-संपादक अण्णा शेटे यांनी ते घडी घालून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलं होतं. टेबल त्यानंतर छान स्थिर झालं होतं.

ही किल्ली म्हणजे बोटाच्या पेराएवढा एक काळा ठोकळा. त्या काळी मराठी अक्षरं जुळवण्याचं वर्णिका नावाचं सॉफ्टवेअर पुण्याची एक कंपनी विकायची आणि सोबत हा ठोकळा द्यायची. तो संगणकाच्या पाठीमागे खोचला की वर्णिका उघडायची. पान छपाईला सोडताना ती पुन्हा एकदा त्याला शोधायची. मधल्या वेळात कुणी तो काढून घेतला तरी तिला पत्ता लागत नसे. हे छायाला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात समजलं होतं. त्यामुळे आमच्या 'दैनिक सांजघडी'त विकत घेतलेल्या किल्ल्या दोन होत्या आणि वर्णिका नऊ मशिनांवर चालायची. कुणीतरी "किल्लीऽऽ" अशी हाळी द्यायचं आणि ज्याच्याकडे असेल तो फेकायचा. दोन्ही किल्ल्यांना लाल दोरा बांधला होता, कुणी चुकून खिशात घालून घरी नेऊ नये म्हणून.

मी तिथं वृत्तसंपादक होते, आणि मशिनांचा विभागही माझ्याकडेच होता. छोट्या पेपरात एकाच डोक्यावर तीन-चार टोप्या असतात. पहिल्या पानावर माझी सही झाल्याशिवाय ते छपाईची प्लेट बनवणाऱ्या कॅमेऱ्याला जायचं नाही, हा नियम मीच घातला होता आणि मीच तो पाळून घ्यायचे. मिरगावात माझ्याविषयी 'मगदूमबाई म्हणजे तोफ' असं म्हणत. मला ते आवडायचं.

"बसा," मी हसबनीसांना म्हणाले. "पण आज आमच्याकडे लग्नघरासारखी धांदल आहे. दुपारी पेपर सुटतो. आणि सकाळी गावात स्फोट झालाय."

"वाचलं मी. म्हणजे, ऐकलं, एसटी स्टँडवर. बॉम्ब टाकला म्हणे कुणीतरी."

"कुणी बघितला?"

ते गोंधळले. "नाही, लोक म्हणत होते."

"मग स्फोट," मी म्हणाले, आणि किल्ली त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली. झेलताना बघितलीच होती, आता लपवून काय करणार?

स्फोट खराच झाला होता. बाजार समितीच्या दारात, उमेदवार संभाजीराव खोराटे यांच्या प्रचार कार्यालयाला लागून. सकाळी दुकानं उघडायच्या वेळेला धडाका झाला, कुंपणाची भिंत पडली, खोराट्यांच्या जीपची काच फुटली आणि चहाचा गाडा लावणारा दगडू माने रक्तबंबाळ झाला. आमचा बातमीदार हेरवाडे तिथून नुकताच आला होता. पोलिसांनी एकाला उचललं होतं. यल्लाप्पा विटकर, राहणार वडार वस्ती. विहिरींना आणि खाणींना सुरुंग लावण्याचं काम करणारा. त्याची सायकल तिथं उरलेल्या कुंपणाला टेकलेली सापडली होती.

"आणि चौकात?" मी हेरवाड्याला विचारलं.

"चौकात खोराट्यांची दोन-तीनशे पोरं बसल्यात मॅडम. काठ्या घेऊन. पेपर कधी येतोय म्हणून मलाच विचारायलेत. पेपर आला की वस्तीवर जायचं म्हणतायत."

"आत्ता का नाही जात?"

"खात्री पाहिजे म्हणं. छापून आलं की खात्री."

लोक आमचा पेपर वडापाव खायला घेतात, अशी आम्ही आपसात थट्टा करायचो. आज तीच माणसं त्याच्यासाठी काठ्या घेऊन बसली होती.

तेवढ्यात अण्णा आले. पांढरंशुभ्र धोतर, तोंडात पान, हातात स्वतःच्या अक्षरातला कागद. अण्णा आणि खोराटे बालमित्र. ही मैत्री सगळ्या गावाला माहीत होती आणि अण्णांनीही ती कधी लपवली नव्हती. त्यांनी कागद माझ्यापुढे टाकला.

"आठ कॉलम. हाच मथळा."

मी वाचलं. 'खोराटेसाहेबांवर बॉम्बहल्ला! वडार वस्तीतला हल्लेखोर जेरबंद'.

"अण्णा, बॉम्ब सापडला का?"

"भिंत पडली, जीप फुटली, माणूस रक्तात पडला. आणखी काय सापडायचं राहिलंय?"

"खोराटेसाहेब तिथं होते?"

"यायचे होते. पंधरा-वीस मिनिटांनी वाचले."

"म्हणजे नव्हते."

"मगदूमबाई, शब्दांचा कीस काढायची ही वेळ न्हाई."

पण माझा तर तोच धंदा. डेस्कवर नवीन मुलगी आली की मी तिला पहिल्याच दिवशी सांगायचे, स्फोट ही घडलेली गोष्ट आहे, ती लिही. बॉम्ब ही वस्तू आहे, पोलिसांना सापडली तर लिही. हल्ला म्हटलास की तू कुणाच्या तरी मनात शिरलीस, तिथं आपलं काम नाही. घातपात, दहशत, कट हे सगळे त्याच्या पुढचे. हे अण्णांनीही शंभरदा ऐकलं होतं आणि बाहेरच्या लोकांसमोर कौतुकानं सांगितलंही होतं. आज मात्र त्यांनी पानाची पिंक टाकली आणि मान फिरवली. तेव्हा त्यांना कोपऱ्यात बसलेले हसबनीस दिसले.

"हे कोण?"

"वर्णिकावाले. ज्यांचं पत्र टेबलाखाली आहे ते."

हसबनीस उठून उभे राहिले. "शेटेसाहेब, मी भांडायला आलेलो नाही. करारातच तपासणीचं कलम आहे. मी मशिनं बघतो, अहवाल लिहितो, तुम्ही आणि यंत्रं सांभाळणाऱ्यांनी सह्या केल्या की मी गेलो. तोवर दोन्ही किल्ल्या माझ्याकडे राहतील."

"आणि आमचा पेपर?"

"सह्या झाल्या की किल्ल्या लगेच परत."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी छायाकडे बघितलं. छायानं दुसरी किल्ली मशिनमागून काढून निमूट आणून दिली. हसबनीस बॅगेतून कागद काढून एकेका मशिनपाशी जाऊ लागले. अण्णा तरातरा आपल्या केबिनमध्ये गेले आणि फोनवर कुणाशी तरी मोठ्यानं बोलू लागले.

याच वेळी ती मुलगी आली. वीस-एकवीसची, डी.एड. कॉलेजचा निळा युनिफॉर्म, दोन वेण्या. जिना धावत चढल्यामुळं तिला धाप लागली होती.

"मगदूम मॅडम कोण?"

"मी."

"मी रेणुका विटकर. यल्लाप्पा विटकरची मुलगी." ती माझ्या टेबलाला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. "माझ्या बाचं नाव घालणार काय तुम्ही पेपरात?"

मी तिला पाणी दिलं. तिनं पेला तसाच हातात धरला.

"मॅडम, बानं काय केलं न्हाई. बाजार समितीपुढं गटारीचं काम चाललंय न्हवं? तिथं खडक लागला म्हणून ठेकेदारानं गेल्या आठवड्यात बाला बोलावलं. बानं भोकं मारून सुरुंग उडवले. पण एक भोक फुटलं न्हाई. बा मुकादमाला म्हणला, हे निकामी करीस्तोवर कुणाला हात लावू देऊ नका. पण सभा होती ना, रस्ता मोकळा पाहिजे होता. त्यांनी माती लोटून सपाट केलं. बा रोज जाऊन सांगायचा. आज पण तेच सांगायला गेला होता. तिथं कुणीतरी पहार घातली आणि..."

हेरवाडे लिहायचं थांबून ऐकत होता.

"हे छापा मॅडम," ती म्हणाली. "ठेकेदाराचं नाव छापा. खरं आहे हे."

"मुकादम मान्य करतोय का?"

"तो सकाळपासून गायब आहे."

"मग आज नाही छापता येणार."

तिचा चेहरा पडला. मला तिची दया आली. ती माझ्या चेहऱ्यावर दिसली असेल की नाही कोण जाणे. "ऐक," मी म्हणाले. "तू सांगतेस ते खरं असेल. पण ते तू सांगितलंस, मी बघितलं नाही. तुझ्या वडिलांनी बॉम्ब लावला हेही कुणी बघितलेलं नाही. मला दोन्ही छापता येणार नाहीत. ठेकेदाराकडे आजच माणूस पाठवते. तू आत छायाजवळ बस. एकटी वस्तीकडे जाऊ नको."

"वस्तीत माझी आई आहे, लहान भावंडं आहेत. मी इथं कशी बसू?" तिनं पेला न पिता खाली ठेवला आणि आली तशी गेली. मला मनापासून वाटलं की तिला हाताला धरून थांबवावं. पण माझ्यापुढे पहिलं पान रिकामं होतं, आणि तिच्यासाठी काही करता आलं तर ते त्या पानावरच करता येणार होतं.

हसबनीसांचा अहवाल तयार झाला. ते केबिनमध्ये गेले आणि पाठोपाठ मीही गेले, पानाची हातानं आखलेली प्रत घेऊन. मी तिच्यावर माझा मथळा लावला होता: 'बाजार समितीबाहेर स्फोट, चहावाला जखमी'. खाली एकाच ओळीत, कारण अजून स्पष्ट नाही, पोलीस एकाकडे चौकशी करत आहेत. नाव नाही, वस्तीही नाही.

अण्णा आधी हसबनीसांचा कागद वाचायला लागले. चष्मा लावला, दोन ओळी वाचल्या आणि ताडकन उठले.

"चोरी? चोरी लिहिलंय तुम्ही?"

"नऊ यंत्रांवर प्रती आहेत. परवाने दोन," हसबनीस शांतपणे म्हणाले. "सातांची चोरी झाली."

"अहो, किल्ल्या विकत घेतल्यात आम्ही! एका वेळी दोनच वापरतो. एका घराच्या दोन किल्ल्या असल्या आणि आत नऊ माणसं राहिली, तर ती काय चोर झाली?"

"घर विकलेलं नाही आम्ही तुम्हाला. दोन माणसांना राहायची परवानगी दिली आहे."

"हे कुठं लिहिलंय?"

"करारात. कलम वाचून दाखवू?"

"तुमची कलमं तुमच्यापाशी ठेवा! ह्याला वाद म्हणतात, वाद. तुम्ही एक अर्थ लावताय, आम्ही एक लावतोय. कोर्ट ठरवंल काय ते. आणि हा कागद उद्या पोलिसात गेला तर? मशिनं जप्त होतील, गावात तोंड दाखवायची सोय राहणार न्हाई. चाळीस वर्षं ह्या गावात मान कमावलाय आम्ही." अण्णांचा आवाज चढला होता. चेहरा लाल झाला होता. "तुम्ही काय बघितलं ते लिहा. नऊ मशिनं बघितली, नऊ लिहा. दोन किल्ल्या बघितल्या, दोन लिहा. माझ्या मनात चोरी होती हे तुम्हाला कुठनं दिसलं?"

हसबनीसांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"अण्णा," मी म्हणाले, "शेवटचं वाक्य परत म्हणा."

"काय?"

"आत्ता म्हणालात ते. परत एकदा."

"माझ्या मनात..." अण्णा म्हणाले आणि थांबले.

मी माझ्या हातातली प्रत त्यांच्या टेबलावर, त्या अहवालाच्या शेजारी ठेवली. बाजूला त्यांचा मथळा लिहिलेला कागद ठेवला. मला बोलायची हौस किती आहे हे माझ्या घरच्यांना विचारा, पण त्या वेळी तोंड मिटून घेतलं ते बरं झालं.

अण्णा माणूस हट्टी होता, मूर्ख नव्हता. त्यांनी तिन्ही कागद बघितले. मग खिडकीपाशी गेले. तिथून चौक दिसत नव्हता, पण आरडाओरडा ऐकू येत होता.

"संभाला काय सांगू मी?" ते खिडकीकडे तोंड करूनच म्हणाले. "त्याला शब्द दिलाय."

"त्यांना सांगा, मगदूमबाई सही करत नाही. दोन्हीवर नाही. ह्यांच्या अहवालात 'चोरी' असेल तर त्यावर नाही, आणि पहिल्या पानावर 'बॉम्बहल्ला' असेल तर पानावर नाही. माझी सही नाही तर ह्यांच्या किल्ल्या नाहीत, किल्ल्या नाहीत तर पेपर नाही."

"आणि पेपर निघाला न्हाई तर? चौकातली पोरं काय घरी जातील?"

हा प्रश्न बरोबर होता. पेपर निघाला नसता तर अफवेनंच मथळा लावला असता. मलाही पेपर हवाच होता, आणि अण्णांना ते पुरतं ठाऊक होतं. तरी मी नजर खाली केली नाही. "म्हणून तर लवकर ठरवा," मी म्हणाले.

बाहेर छाया आणि बाकीच्या पोरी कान टवकारून बसल्या असणार, कारण एकाही की-बोर्डचा आवाज येत नव्हता.

मग अण्णा परत टेबलापाशी आले. स्वतःचा कागद उचलला, त्याची बारीक घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवली. "टाका तुमचा स्फोट," ते म्हणाले. आणि हसबनीसांकडे वळून, "तुमचं काय?"

हसबनीसांनी अहवाल पुढे ओढला. 'चोरी' या शब्दावर एक सरळ रेघ मारली आणि वर बारीक, सुंदर अक्षरात लिहिलं: 'नऊ यंत्रांवर प्रती आढळल्या. परवाने दोन. वापराच्या अर्थाबाबत मतभेद.' अण्णांनी सही केली. मी केली. मग मी पानावर सही केली.

"पण मतभेद म्हणजे तुम्ही सुटलात असं नाही," हसबनीस म्हणाले. "आमचे वकील येतील."

"येऊ देत की. चहा पाजू त्यांना," अण्णा म्हणाले.

छायानं बाहेरून हाळी दिली, "किल्लीऽऽ! पान सोडायचंय!"

हसबनीसांच्या हातात दोन्ही किल्ल्या होत्या. ते दारात गेले, क्षणभर घुटमळले आणि त्यातली एक त्यांनी अलगद फेकली. नेम अगदीच वाईट होता. किल्ली पंख्याच्या दांडीला लागून हेरवाड्याच्या चहात पडता पडता वाचली. आख्खं ऑफिस हसलं. सकाळपासून पहिल्यांदा.

पेपर सुटला तेव्हा मी हेरवाड्याबरोबर चौकात गेले. मला बघायचंच होतं. पोरांनी गठ्ठ्यावर झडप घातली. एकानं मोठ्यानं वाचलं आणि पान उलटं करून मागची बाजू बघितली, जणू उरलेली बातमी तिकडे सांडली असावी. "आं? नुसता स्फोट? नाव कुठाय?" कुणीतरी अण्णांना शिवी घातली, कुणीतरी मला. एक टोळकं तरीही उठलं आणि वस्तीच्या रस्त्यानं चालू लागलं. पण बाकीचे उठले नाहीत. "थांब की, उद्याचं बघू," असं कुणीतरी ओरडलं, आणि ते टोळकं पाणपोईपाशी रेंगाळून परत आलं. मी घरी गेले आणि न जेवता झोपले.

चार-सहा दिवसांत स्फोटकांचे तपासनीस आले, खडक तपासला, मुकादमही सापडला. फसलेला सुरुंग होता. यल्लाप्पा सुटला. ती बातमीही आम्ही आठ कॉलम छापली, ठेकेदाराच्या नावासकट, कारण आता त्याचा पुरावा सापडला होता. दगडू मान्याचा एक कान मात्र कायमचा गेला. खोराटे निवडणूक हरले, आणि अण्णांशी पुढे वर्षभर बोलत नव्हते. वर्णिकावाल्यांचा वाद पत्रापत्री होत होत मिटला, अण्णांनी आणखी परवाने घेतले आणि किल्ल्या फेकणं बंद झालं. ऑफिस सुनं सुनं वाटायला लागलं.

सहा-सात वर्षांनी रेणुकाच्या लग्नाचं आमंत्रण आलं. तोवर ती शाळेत मास्तरीण झाली होती. वस्तीतच मांडव होता. जेवणाच्या पंगतीत ती, हिरवा चुडा सावरत, सासरच्या माणसांना घेऊन माझ्यापाशी आली.

"ह्या मगदूम मॅडम," ती त्यांना म्हणाली. "सगळं गाव बाच्या विरोधात होतं, तेव्हा ह्यांनी एकट्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला."

असलं कौतुक मुकाट्यानं घ्यावं, हे मला कळतं. पण माझा स्वभाव आडवा आला.

"नाही रेणुका," मी म्हणाले. "विश्वास नव्हता ठेवला. तुझे वडील कसे आहेत, हे मला त्या दिवशी काहीच माहीत नव्हतं. तू सांगितलंस तेही खरं की खोटं, मला ठाऊक नव्हतं. माहीत नव्हतं, म्हणूनच लिहिलं नाही."

तिचं तोंड उतरलं. इतकी वर्षं जपलेली गोष्ट मी भर मांडवात तिच्या हातातून काढून घेतली होती. सासरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. मला स्वतःच्या जिभेचा संताप आला.

यल्लाप्पा माझ्या पानापाशी बुंदीची परात घेऊन उभा होता. काळा, किडकिडीत, डोक्याला नवा पटका. त्यानं ते ऐकलं होतं. तो खाली वाकला.

"बराबर हाय बाईंचं," तो लेकीला म्हणाला. "इस्वास ठेवनारी मानसं वस्तीत लई हुती, पोरी. खरं कळंस्तोवर थांबनारं कोन नव्हतं."

आणि मी नको नको म्हणत असताना त्यानं माझ्या पानावर दोन मुठी बुंदी वाढली.